आपलेच फोटो आपण कसे तपासायचे? विद्यार्थी छायाचित्रकारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छायाचित्रणाचा डिप्लोमा असो, उपयोजित कलेची पदवी असो की मास कॉमचा एखादा पेपर, वर्षाच्या शेवटी फोटोंच्या फोल्डरसोबत एक पान मागतातच: 'स्वतःच्या कामातली बलस्थानं आणि उणिवा लिहा.' फोटो काढताना कुठे न अडलेली मुलं या पानापाशी अडतात. मी पुण्यात विद्यार्थ्यांचे फोल्डर बघते, आणि सबमिशन जवळ आलं की तेच तेच प्रश्न येऊ लागतात. ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं वारीची आणि जेजुरीची जास्त आहेत, कारण आमच्याकडच्या फोल्डरांत हे दोन विषय हटकून असतात. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. एखादी गोष्ट दुसरीकडे सविस्तर आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. मूल्यमापन म्हणजे नेमकं काय करायचं? फोटो चांगला की वाईट, एवढंच ठरवायचं ना?

नाही. 'चांगला' आणि 'वाईट' हे शब्द त्या पानावर लिहूच नका, म्हणजे अर्धं काम झालं. तुम्हाला काय हवं होतं, हाती काय आलं आणि या दोन्हींत फरक पडला असेल तर तो कशामुळे, एवढंच शोधायचं. 'दिंडीचा फोटो छान आला आहे' या वाक्यातून काहीच कळत नाही. 'डोक्यावर तुळस घेतलेल्या बाईंची पावलं आणि वृंदावन दोन्ही चौकटीत हवं होतं. वृंदावन आलं, पावलं कापली गेली, कारण मी फार जवळ उभी होते आणि मागे सरकायला गर्दीत जागा नव्हती' हे मूल्यमापन झालं. यात काय जमलं, काय हुकलं आणि पुढच्या वेळी कुठे उभं राहायचं हे तिन्ही आलं.

२. निवडलेले दहा फोटो घेऊन बसू की सगळे?

सगळे. फोल्डरमध्ये जाणाऱ्या दहा फोटोंपेक्षा बाहेर राहिलेले चारशे तुमच्याबद्दल जास्त सांगतात.

फिल्मच्या काळात ही सोय आपोआप होती. ३५ मिमीच्या रोलवर ३६ फोटो, सहा-सहाच्या सहा पट्ट्या, आणि त्या पट्ट्या थेट कागदावर ठेवून सगळ्यांचा मिळून एक छापा, म्हणजे कॉन्टॅक्ट प्रिंट. हुकलेलाही त्याच कागदावर, साधलेलाही. छायाचित्रकार कसा चालत गेला, कुठे थांबला, कुठे घाबरून मागे फिरला, हे त्या कागदावर सरळ वाचता यायचं. अमेरिकन छायाचित्रकार डोरोथिया लँग यांनी मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथे मजूर आईचा जो फोटो काढला, तो जगाला एकटाच माहीत आहे. पण त्याच भेटीतले इतर फोटो अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपलेले आहेत. लांबून तंबूसकट घेतलेले आहेत, जवळून घेतलेलेही आहेत. ते शेजारी ठेवून पाहिले की प्रसिद्ध फोटोत लँग यांनी काय काय गाळलं ते समजतं.

तुमच्या फोल्डरमध्येही हेच करा. एका प्रसंगाचे सगळे फोटो काढलेल्या क्रमाने लावा. गेल्या वर्षी एका मुलाने पालखीतळावरच्या एका आजोबांचे ४१ फोटो आणले होते. पहिले सहा लांबून, मग हळूहळू जवळ. सातव्यात आजोबांनी मान वर करून थेट कॅमेऱ्याकडे पाहिलं आहे. आठव्यापासून पुढचे सगळे पाठीमागून! नजरेला नजर मिळाल्यावर तो मागे गेला, हे त्यालाही तोवर कळलं नव्हतं.

३. काढल्या दिवशीच तपासायचे की थोडे दिवस थांबायचं?

तांत्रिक तपासणी (प्रश्न ४) आणि बॅकअप त्याच रात्री करा. निवाडा मात्र दोन-तीन आठवड्यांनी. त्या दिवशी तुमच्या पायांत दिवे घाटाचा चढ असतो, कानात टाळ असतात, भिजलेले बूट असतात. ते सगळं तुम्ही फोटोत वाचता, पण पाहणाऱ्याला फक्त चौकट दिसते. गॅरी विनोग्रँड हे अमेरिकन छायाचित्रकार याच कारणाने रोल कित्येक महिने धुवायचे नाहीत. १९८४ मध्ये ते गेले तेव्हा काढलेले पण न धुतलेले सुमारे २५०० रोल मागे राहिले. इतकं थांबायला कोणी सांगत नाही.

सबमिशन परवावर आलं असेल तर एक जुनी युक्ती करा. फोटो उलटा, म्हणजे वरची बाजू खाली करून पाहा. माणूस, देऊळ, पालखी ओळखू येईनाशी झाली की उजेड कुठे आहे, वजन कुठे पडलंय आणि नजर कुठे अडते ते लगेच दिसतं.

४. तांत्रिक बाजू तपासायची म्हणजे काय काय पाहायचं?

आधी फोटो १०० टक्के मोठा करा आणि जिथे फोकस हवा होता तिथे पाहा. चेहरा असेल तर डोळा. 'ब्लर आलाय' असं लिहू नका, कारण ब्लर तीन प्रकारचा असतो आणि तिन्हींची औषधं वेगळी.

डोळा मऊ आहे पण कान किंवा मागचा फेट्याचा पदर धारदार आहे, तर फोकस चुकलाय. सगळंच एका दिशेने ओढल्यासारखं दिसतंय, दिव्यांच्या ठिपक्यांच्या रेघा झाल्यात, तर तुमचा हात हललाय. भिंत, खांब, जमीन स्वच्छ आहे आणि फक्त टाळ वाजवणारा हात पुसट आहे, तर माणूस हललाय, शटर हळू पडलंय. हात हलण्याला एक ढोबळ नियम आहे: लेन्सच्या मिलिमीटरइतका तरी शटर स्पीड हवा, म्हणजे ५० मिमीला १/५० सेकंद. किट लेन्स ५५ मिमीवर असेल आणि सेन्सर दीडपट क्रॉपचा (म्हणजे लहान, त्यामुळे मिलिमीटर दीडपट धरायचे) असेल, तर १/८० किंवा त्याहून वेगवान. स्थिरीकरणाची सोय असेल तर याहून हळू शटरही चालून जातं, पण पखवाजावरचा हात त्याने थांबत नाही.

मग एक्सपोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घेतला ते. वारीच्या फोटोंत एक चूक इतकी सार्वत्रिक आहे की मी फोल्डर उघडण्याआधीच सांगू शकते: पांढरी धोतरं, पांढऱ्या टोप्या, वर आषाढातलं पांढरं आकाश, आणि फोटो मात्र राखाडी, मळका, चेहरे काळवंडलेले. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं दृश्य सरासरी १८ टक्के राखाडी आहे असं धरून चालतं. समोर पांढऱ्याचा समुद्र असला की ते त्यालाही राखाडीकडे ओढतं. एक्सपोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय, दोन तृतीयांश ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) वर नेलं की टोप्या पांढऱ्या होतात आणि चेहरेही वर येतात. तुमच्या शंभर फोटोंत हीच चूक असेल तर शंभर उणिवा लिहू नका, एकच लिहा: 'मीटर काय करतं हे मला उशिरा कळलं.'

५. जेजुरीच्या फोटोंचा हिस्टोग्राम अगदी बरोबर आहे, तरी भंडारा सपाट पिवळा थापल्यासारखा दिसतो. चूक माझी की कॅमेऱ्याची?

पाहण्याची चूक आहे, आणि ती फार जणांची होते. हिस्टोग्राम म्हणजे फोटोत कुठल्या उजळपणाचे किती बिंदू आहेत ते दाखवणारा आलेख. तुम्ही जो एकरंगी हिस्टोग्राम पाहिलात तो एकूण उजळपणाचा असतो. पिवळा रंग लाल आणि हिरवा मिळून बनतो. सोमवती अमावास्येला उधळलेल्या भंडाऱ्यावर ऊन पडलं की लाल चॅनेल (फोटोतला लाल रंगाचा भाग) सगळ्यात आधी शेवटच्या आकड्याला जाऊन टेकतो, पाठोपाठ हिरवा. निळा जवळजवळ रिकामाच असतो, त्यामुळे एकूण आलेख निर्धास्त दिसतो. जेपीईजीमध्ये प्रत्येक चॅनेलला २५६ पायऱ्या असतात. सगळे बिंदू २५५ वर गेले की हळदीचा उडता कण आणि त्यामागचा कण यांत फरकच उरत नाही. थापल्यासारखं दिसतं ते त्यामुळे.

कॅमेऱ्यात तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम सुरू करा, भंडाऱ्यासाठी एक्सपोजर दोन तृतीयांश ते एक स्टॉप खाली घ्या आणि रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये, काढा. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४ पायऱ्या असतात, त्यामुळे खालून वर आणायला वाव राहतो. वारीला वर आणि जेजुरीला खाली, हे दोन्ही ज्याने स्वतः अनुभवलं, त्याला मीटर समजलं असं मी मानते.

६. तांत्रिकदृष्ट्या चुकलेला फोटो तरीही माझ्या आवडीचा आहे. ठेवू?

ठेवा. दुसऱ्या महायुद्धात, ६ जून १९४४ ला, नॉर्मंडीच्या ओमाहा बीचवर सैन्य उतरताना युद्धछायाचित्रकार रॉबर्ट कापा यांनी काढलेले फोटो हललेले आहेत, दाणेदार आहेत, आणि नॉर्मंडीचं नाव काढलं की तेच डोळ्यांसमोर येतात. पण त्यांचा दाखला देऊन प्रत्येक हललेल्या फोटोला पांघरूण घालू नका. अट एकच: पानावर खरं लिहा. 'गती दाखवायला शटर मुद्दाम १/१५ ठेवलं' असं लिहिलंत, तर त्याच सेटिंगवरचे आणखी आठ-दहा प्रयत्न तुमच्या चारशेंत सापडायला हवेत. ते नसतील तर 'अपघाताने आला, आवडला, आता मुद्दाम करून पाहणार आहे' असं लिहा. हे वाक्य वाचून मला कधी राग आलेला नाही. 'मुद्दाम' वाचून मेटाडेटा (फाइलमध्ये आपोआप नोंदली जाणारी सेटिंग आणि वेळ) उघडल्यावर मात्र आलाय.

७. रूल ऑफ थर्ड्स पाळलाय, लीडिंग लाइन्स आहेत, तरी सर म्हणतात 'फोटो बोलत नाही'. म्हणजे काय?

विषय चौकटीच्या एक तृतीयांशावर ठेवणं (रूल ऑफ थर्ड्स) आणि नजर विषयाकडे नेणाऱ्या रेघा (लीडिंग लाइन्स) हे नियम पाळूनही असं ऐकायला येतं. बहुतेक वेळा याचा अर्थ असा, की हा फोटो त्यांनी आधीच पाहिलेला आहे. दिवे घाटाच्या वळणावरून खाली नागमोडी जाणारी दिंडी दरवर्षी हजारो जण त्याच टेकाडावरून काढतात. नियम सगळे जागच्या जागी, रस्त्याची रेघ सुंदर, आणि काढणारा कोण हे कुठेच दिसत नाही.

दुसरं कारण कडांचं. आपण मधला विषय पाहतो आणि चार कडा कॅमेऱ्यावर सोडून देतो. पुठ्ठ्याचे एल आकाराचे दोन तुकडे कापा आणि प्रिंटवर सरकवत नेऊन पाहा: डावीकडून दोन बोटं झाकली तर काही बिघडतं का? नाही बिघडलं, तर ती दोन बोटं तिथे उगाच होती. डोक्यातून उगवलेला विजेचा खांब, कोपऱ्यात अर्धवट आलेली पाण्याची बाटली, कापलेलं कुणाचं कोपर ही सगळी कडेची कामं. नंतर क्रॉप करणं, म्हणजे कडा कापणं, पाप नाही. फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ क्रॉप न करण्याबद्दल प्रसिद्ध होते, तरी पॅरिसच्या सां-लाझार स्टेशनामागे डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा १९३२ चा त्यांचा फोटो क्रॉप केलेला आहे. फळ्यांच्या फटीतून काढल्यामुळे बाजूला कुंपण आलं होतं. पण तुमच्या दहापैकी आठ फोटोंना क्रॉप लागत असेल तर उणीव क्रॉपची नाही. तुम्ही दोन पावलं मागे उभे राहता, ही आहे.

८. उणिवा भरपूर दिसतात, पण बलस्थान एकही सापडत नाही. काय लिहू?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणाऱ्यांत मेहनती मुलं जास्त असतात. शोधायची जागा चुकते. बलस्थान तुमच्या सर्वांत चांगल्या एका फोटोत बघू नका. ठरवलेलं नसताना पुन्हा पुन्हा काय परत येतंय ते बघा.

वर्षभरातले ठेवलेले दोनशे फोटो घ्या आणि मोजा. मेटाडेटामध्ये फोकल लेंथ (लेन्स किती मिलिमीटरवर होती) आणि वेळ लिहिलेली असतेच. किती उभे, किती आडवे? माणसं किती अंतरावर? सकाळ, दुपार की रात्र? किती जणांची नजर कॅमेऱ्यात आहे? वहीत आडव्या रेघा मारून मोजा, अर्ध्या तासाचं काम आहे.

एका विद्यार्थिनीने पानावर 'पोर्ट्रेट ही माझी जमेची बाजू' असं लिहिलं होतं. आम्ही तिचे फोटो जमिनीवर पसरले. चेहरे होते, पण साधेच. आणि मग हात दिसायला लागले. काठवटीत भाकरी थापणारा हात, त्यावरचं कोरडं पीठ, बोटाच्या पेरात अडकलेलं. वीणेच्या दांडीवर टेकलेला अंगठा. पंक्तीत पत्रावळ सरळ करणारे हात. साठाहून जास्त फोटो, सगळे एका हाताच्या अंतरावरून, बाजूने येणाऱ्या उजेडात, आणि एकही घाईत काढलेला नाही. तिला विचारलं तर म्हणाली, 'चेहऱ्याकडे कॅमेरा धरायचा संकोच वाटतो, म्हणून खाली धरते.' तिचं बलस्थान आणि तिची उणीव एकाच संकोचातून उगवलं होतं. तिने दोन्ही तशीच लिहिली. मी वाचलेल्या पानांतलं ते सर्वांत प्रामाणिक पान होतं.

म्हणून उणिवांच्या यादीत जे सतत येतंय त्याची दुसरी बाजू तपासा. जो लांबूनच काढतो त्याला बहुधा जागा चांगली दिसते. जो अंधारातच रमतो त्याला उजेडाचा कवडसा दिसतो. उलटंही खरं आहे: जे सहज जमतं त्याच्या मागे आपण काय टाळतोय तेही पाहा.

९. उणिवा स्पष्ट लिहिल्या तर मार्क जातील ना?

परीक्षक फोटो पाहतच असतो, त्यामुळे उणीव लपत नाही. ती तुम्हाला दिसली का, एवढंच पानावरून कळतं. मोघम लिहू नका. 'मला लायटिंग अजून सुधारायचं आहे' हे कुणीही कुणाबद्दलही लिहू शकतं. त्याऐवजी: 'दुपारी १२ ते ३ मधले माझे बहुतेक सगळे चेहरे टोपीच्या सावलीत गेले आहेत. रिफ्लेक्टर नव्हता, पण पांढऱ्या भिंतीजवळ किंवा मांडवाच्या कडेला माणसाला बसवता आलं असतं हे नंतर लक्षात आलं. पुढच्या दोन शूटमध्ये तसं केलं, त्यातला एक फोटो क्रमांक ७ वर आहे.' उणीव, कारण, केलेला उपाय आणि पुरावा. पाच-सहा ओळी पुरतात.

१०. इन्स्टाग्रामवर ज्या फोटोला सर्वाधिक लाइक्स, तोच माझा सर्वोत्तम समजू का?

नाही. तिथे फोटो अंगठ्याएवढ्या आकारात, सेकंदभर दिसतो. मोठा विषय, ठळक रंग, सूर्यास्त यांना तिथे सोपं जातं. लहान आकारातही फोटो उठून दिसतो का, एवढं मात्र त्यावरून कळतं, आणि तेवढ्यापुरता उपयोग करा.

११. घरचे म्हणतात छान, मित्र म्हणतात भारी. मग विचारू कुणाला?

त्यांनाच विचारा, प्रश्न बदला. 'कसा आहे?' विचारलं की आपल्या माणसाला छान म्हणावंच लागतं. 'यात तुला काय काय दिसतंय, ओळीने सांग' असं विचारा आणि गप्प बसा. आईने आधी मागची दोरीवरची साडी सांगितली आणि पोराचा चेहरा तिसऱ्या क्रमांकावर आला, तर नजर कुठे जाते ते कळलं.

आणखी एका माणसाला जरूर दाखवा: फोटोतल्या जगातल्या. एका फोल्डरमध्ये 'तंबोरा घेतलेले वारकरी' अशी ओळ होती. आमच्या इमारतीचे वॉचमनकाका दरवर्षी दिंडीत चालतात. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, 'अहो, ही वीणा. सप्ताहात ही खाली ठेवत नाहीत, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते.' त्या मुलाने पुढच्या सप्ताहात बसून नेमका तो क्षण काढला, दोन गळे आणि मध्ये वीणा. हे त्याला कुठल्याही छायाचित्रण शिक्षकाने सांगितलं नसतं.

१२. माझे सगळे फोटो मोबाईलचे आहेत. निकष वेगळे असतात का?

निकष तेच. फक्त कुठला निर्णय तुमचा आणि कुठला मोबाईलचा, हे वेगळं करावं लागतं. मोबाईल एका दाबात अनेक चौकटी घेऊन त्या जोडतो, सावल्या उघडतो, आकाश सावरतो. तेव्हा 'डायनॅमिक रेंज (सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद भागांतलं अंतर) उत्तम हाताळली आहे' असं स्वतःच्या खात्यावर लिहू नका. उभं कुठे राहायचं, कधी दाबायचं, चौकटीत काय ठेवायचं हे पूर्ण तुमचं.

एक उणीव मोबाईलच्या फोल्डरांत हमखास दिसते. मुख्य कॅमेरा साधारण २४ ते २६ मिमीच्या लेन्सइतकं रुंद दृश्य घेतो. चेहरा भरून दिसावा म्हणून तुम्ही फूटभर अंतरावर जाता, आणि नाक मोठं, कान मागे गेलेले असा चेहरा येतो. हा अंतराचा परिणाम आहे. चार-पाच फूट मागे जा, दुप्पट झूमवर घ्या. आणि तपासताना मूळ फाइल घ्या. व्हॉट्सॲपवरून आलेली दाबलेली असते, तिच्यावरून धारदारपणाचा निवाडा होत नाही.

१३. एडिटिंगने फोटो उजळला, तर ते बलस्थान धरायचं का? प्रीसेट वापरला असेल तर?

एडिटिंग हे कौशल्यच आहे, ते जमेला धरा, पण मूळ आणि अंतिम फोटो शेजारी ठेवून. मूळ फोटोतही गोष्ट दिसत असेल आणि एडिटिंगने ती स्वच्छ केली असेल तर दोन्ही बाजू भक्कम. मुळात काहीच नसेल आणि सगळं नाट्य नंतरचं असेल, तर बलस्थान एडिटिंगपुरतं लिहा. विकत किंवा फुकट घेतलेला प्रीसेट (एडिटिंगची तयार सेटिंग) एका टिचकीत लावला असेल तर तसं नमूद करा.

माहितीपटासारखं वास्तव दाखवणाऱ्या कामाला, म्हणजे वारी, वस्ती, बातमी, नियम कडक आहेत. वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत मूळ फाइल मागून तपासतात. २०१५ मध्ये उपान्त्य फेरीतले सुमारे २० टक्के फोटो फेरफारामुळे बाद झाले होते. प्रश्न २ मधल्या लँग यांच्या फोटोतही खालच्या कोपऱ्यातला एक अंगठा नंतर पुसट केला गेला, आणि त्याची चर्चा आजही होते. जाहिरातीच्या टेबलटॉपमध्ये, म्हणजे टेबलावर वस्तू मांडून काढलेल्या फोटोंत, हीच सफाई कामाचा भाग असते. तेव्हा तुमचा फोटो कोणत्या घरचा आहे हे आधी ठरवा.

१४. ब्लॅक अँड व्हाइट केल्यावर फोटो बरे वाटतात. हे बलस्थान की पळवाट?

रंगीत फोटोत नेमकं काय खटकत होतं ते आधी शोधा. देवळाच्या गाभाऱ्यात एका बाजूने पिवळा बल्ब आणि दुसरीकडून हिरवट ट्यूब, त्यामुळे चेहरा दोन रंगांचा झाला आणि म्हणून रंग काढला, असं असेल तर ती मिश्र उजेडाची न सुटलेली अडचण आहे, तशीच लिहा. उजेडसावलीचा आकार हाच विषय असेल आणि रंग मध्ये येत असेल तर निर्णय बरोबर. छायाचित्रकार रघुबीर सिंग आयुष्यभर रंगीत काम करत राहिले. भारतातल्या रस्त्यावरचा रंग चौकटीत बसवणं अवघड आहे म्हणूनच त्यांचे फोटो शिकण्यासारखे आहेत.

१५. सुरकुतलेले चेहरे, गरिबी, वारी. हे फोटो विषयामुळे चांगले वाटतात की माझ्यामुळे, कसं ओळखू?

हा प्रश्न मनात आला हीच जमेची गोष्ट आहे, आणि उत्तर टोचणारं असू शकतं.

स्वतःला विचारा: त्याच क्षणी माझ्या शेजारी उभ्या असलेल्या कुणीही हाच फोटो काढला असता का? उत्तर हो असेल, तर फोटोतलं सौंदर्य त्या चेहऱ्याचं आहे, तुमचं त्यात फार थोडं. मग पुढचे प्रश्न. त्या माणसाचं नाव माहीत आहे? किती वेळ बोललात? पुन्हा गेलात का, प्रिंट दिलीत का? छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांवर वर्षानुवर्षं काम केलं. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या फोटोंत माणसं गटारात उतरतात तशी घरीही दिसतात. दारापर्यंत जाऊ दिलं जाणं हे कॅमेऱ्याने होत नाही, वेळ दिल्याने होतं, आणि ते फोटोत दिसतं.

परवानगीचा मुद्दाही मूल्यमापनातच येतो. चंद्रभागेत स्नान करणाऱ्या बायकांचे लांबच्या लेन्सने काढलेले फोटो दरवर्षी एखाद्या फोल्डरमध्ये असतात. उजेड सुंदर, पाण्याचे थेंब सुंदर. मी ते बाजूला काढते. ज्या बाईला माहीत नाही की आपला ओलेत्यातला फोटो परीक्षेला जातोय, तिच्यापुढे कंपोझिशनची चर्चा करायला मला जमत नाही. असा फोटो तुमच्याकडे असेल तर काढून टाका, आणि तो का काढला हे पानावर लिहा. ती ओळ त्या फोटोपेक्षा मोलाची ठरेल.

१६. माझ्याकडे असा 'मोठा' विषयच नाही. हॉस्टेल, मैत्रिणी, कॅन्टीन एवढंच आहे. हीच माझी उणीव ना?

मुळीच नाही. पुढे भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या गेलेल्या आणि २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालेल्या होमाई व्यारावाला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या. त्यांच्या सुरुवातीच्या फोटोंत तिथल्याच मैत्रिणी आहेत, मुंबईतलं रोजचं जगणं आहे. आज त्या फोटोंकडे पाहताना त्या काळातल्या शिकणाऱ्या मुली कशा बसायच्या, कशा हसायच्या ते समजतं. तुमच्या हॉस्टेलच्या खोलीत बाहेरचा कुठलाही छायाचित्रकार येऊ शकत नाही. प्रश्न १५ मधली शेजारच्या माणसाची कसोटी तुम्ही दाराआड बसूनच पार केली आहे.

१७. दोन शिक्षक एकाच फोटोबद्दल उलटं सांगतात. कुणाचं खरं?

दोघांचं 'का' ऐका. एक म्हणतो, मागची गर्दी नको. दुसरा म्हणतो, गर्दी आहे म्हणूनच फोटो आहे. दोघांनाही गर्दी दिसली आहे, म्हणजे ती अर्धवट आहे: ठेवायची तर नीट ठेवा, नाही तर काढा. मतं वेगळी असली तरी दोघांचं बोट बहुधा एकाच जागी असतं, आणि ती जागा पानावर लिहा.

१८. स्टुडिओतलं लायटिंग सीनियरने लावून दिलं होतं. तो फोटो माझ्या बलस्थानांत घालू?

फोटो घाला, पण लायटिंगचं श्रेय त्याला द्या. तुम्ही उत्पादनाची मांडणी केली असेल, कोन निवडला असेल, तर तेवढं तुमचं. मग एक रविवार काढून तोच सेटअप एकट्याने लावून पाहा. घरचा स्टीलचा तांब्या, एक टेबल लॅम्प आणि ट्रेसिंग पेपर पुरतो. तांब्यावर लॅम्पचा ठिपका दिसेनासा होऊन उजेडाची सलग पट्टी आली की जमलं. ते दोन्ही फोटो शेजारी लावा.

१९. शेवटच्या दहांची निवड कशी करू? स्क्रीनवर सगळेच सारखे वाटतात.

स्क्रीनवरून उठा. चाळीस फोटोंच्या चार बाय सहाच्या साध्या प्रिंट काढा आणि सतरंजीवर पसरून दोन दिवस तशाच ठेवा. जाता-येता पाहा. काही प्रिंट आपोआप शेजारी जातात, काही कुठेच बसत नाहीत. एकच गोष्ट सांगणारे दोन असतील तर एक उचला, मग तो कितीही लाडका असो. काढायला फार कष्ट पडलेला फोटो सोडवत नसेल तर तो फोटो पहिल्यांदाच पाहणाऱ्या कुणाला तरी निवडायला सांगा. उरलेले तीस डिलीट करू नका. तारीख घालून पाकिटात ठेवा, पुढच्या वर्षीचं पान लिहिताना लागतील (प्रश्न ८).

२०. इतकं तपासून आता कॅमेरा उचलायचीच भीती वाटते. काय करू?

असं होतं, आणि चांगल्या मुलांचं होतं. काढणं आणि तपासणं एकाच वेळी चाललंय, म्हणून होतं. पंधरा दिवस दोन्ही वेगळं करा. कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर कागद चिकटवा, मोबाईल असेल तर गॅलरी उघडू नका. रोज एकाच ओळखीच्या ठिकाणी जा, कोपऱ्यावरची चहाची टपरी चालेल, आणि छत्तीसच फोटो काढा, रोलसारखे. टपरीवाल्या काकांना आधी विचारा, पहिल्या दिवशी चहा घ्या आणि कॅमेरा पिशवीतच ठेवा. पंधरा दिवसांनी सगळे एकदम उघडा, क्रमाने लावा, आणि त्यातली एक प्रिंट काकांना नेऊन द्या.